अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल : टेलिफोनच्या मागची गोष्ट



कॉलिंग कार्डावरचे लांबलचक नंबर दाबून भारतात फोन लावायचे दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. पलीकडून आईचा आवाज आला की आठवडा सार्थकी लागायचा. हा टेलिफोन ज्यांनी दिला ते बेल स्वतःला मात्र आधी कर्णबधिरांचे शिक्षक समजत. त्यांची ही बाजू आम्ही आज मांडत आहोत. कारण बाळाला ऐकू येत नाही असं कळलं तर पुढे काय करायचं, हा प्रश्न कुठल्याही घरात येऊ शकतो.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचा. आजोबा आणि वडील उच्चारशास्त्राचे जाणकार. कोणताही उच्चार करताना जीभ आणि ओठ कसे ठेवायचे हे दाखवणारी एक लिपीच वडिलांनी तयार केली होती. आईला मात्र फार कमी ऐकू येई. लहानगा बेल तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, स्पष्ट बोले. घरात पाहुणे जमले की तिच्याशेजारी बसून बोटांच्या खुणांनी तिला सारं सांगे.

क्षयाने दोन्ही भाऊ गेले. उरलेल्या मुलाला जपण्यासाठी आईवडिलांनी १८७० मध्ये देश सोडला आणि कॅनडातल्या ब्रँटफर्डला बिऱ्हाड हलवलं. म्हणजे बेलही आपल्यासारखेच परदेशी आलेले! पुढच्याच वर्षी ते बॉस्टनच्या कर्णबधिर शाळेत शिकवू लागले. बॉस्टनमध्येच त्यांना मेबल हबर्ड ही विद्यार्थिनी भेटली. पाच वर्षांची असताना तापात तिची श्रवणशक्ती गेली होती, पण ओठ वाचून ती उत्तम संभाषण करी. ११ जुलै १८७७ रोजी दोघांचं लग्न झालं.

टेलिफोनचं मूळही याच कामात आहे. मुलांना आवाज डोळ्यांनी दिसावा म्हणून बेल यांनी १८७४ मध्ये मृत माणसाचा कान घेऊन प्रयोग केले. एवढासा नाजूक पडदा कानातली हाडं हलवतो हे पाहून त्यांना पुढची वाट सुचली. मार्च १८७६ मध्ये पेटंट मिळालं आणि त्याच आठवड्यात तारेवरून बोलणं ऐकू आलं. १८८० मध्ये फ्रान्सने त्यांना व्होल्टा पारितोषिक दिलं. गंमत अशी की, ज्यांच्या नावाचं हे पारितोषिक, त्या व्होल्टा यांनी स्वतःच्याच कानांत वीज सोडून पाहिली होती आणि त्यांना काहीतरी उकळत असल्यासारखा आवाज आला होता!

बेल यांनी पैसा आणि वेळ कर्णबधिरांसाठी सढळ हाताने खर्च केला. १८८६ मध्ये सहा वर्षांच्या हेलन केलरला घेऊन तिचे वडील आले, तेव्हा पुढची दिशा त्यांनीच दाखवली.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. कर्णबधिर मुलांनी बोलायलाच शिकावं, खुणांची भाषा शाळेतून जावी, असा बेल यांचा आग्रह होता. कर्णबधिरांनी आपसांत लग्नं करू नयेत असंही त्यांनी १८८३ मध्ये मांडलं. १८८० च्या मिलान परिषदेनेही शाळांतून खुणांना विरोध केला होता. कित्येक मुलांच्या हाती धड बोलणंही आलं नाही आणि खुणाही राहिल्या नाहीत. तो राग आजही आहे. मिलानचे ठराव २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत नाकारले गेले.

बेल कुठे चुकले? आम्हाला वाटतं, मेबलला पाहून ते सगळ्यांचा हिशोब करत होते. तिचे कान गेले तेव्हा तिच्यापाशी भाषा आधीच होती. जन्मतः न ऐकणाऱ्या बाळाचं तसं नसतं.

हाच फरक आज कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये दिसतो. पॅरिसमध्ये १९५७ साली सुरुवात झाली आणि १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोड असलेलं यंत्र बसवलं. हे यंत्र आवाज मोठा करत नाही. आतल्या कानात बसवलेल्या तारेतून ते थेट श्रवणाच्या नसेला विजेचे संदेश देतं. आवाज मिळतो, पण त्याचा अर्थ लावणं मेंदूला शिकावं लागतं. मोठेपणी कान गेलेल्यांपैकी बरेचजण काही महिन्यांत बोलणं समजू लागतात. जन्मतः न ऐकणाऱ्या बाळाला मात्र ते लवकर बसवावं लागतं. अमेरिकेत २०२० मध्ये नऊ महिन्यांच्या बाळांसाठीही मान्यता मिळाली. तरीही गोंगाटात बोलणं समजणं आणि संगीत ऐकणं अवघड जातं, आणि यश प्रत्येकाचं वेगळं असतं.

म्हणून मंडळी, चाचणी टाळू नका आणि भाषेसाठी थांबू नका. बोलून, गाऊन, खुणांनी, जशी जमेल तशी बाळाला भाषा द्या. इम्प्लांट झालेली मुलं दोन भाषा शिकू शकतात, तेव्हा घरातली मराठी घाईने बंद करू नका. आपल्या तज्ज्ञांशी त्याबद्दल जरूर बोला.

२ ऑगस्ट १९२२ रोजी नोव्हा स्कोशियातल्या घरी बेल गेले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन मिनिटभर गप्प राहिले. सांगतात की, सोडून जाऊ नका असं मेबल विनवत होती, तेव्हा बोलण्याचं बळ न उरलेल्या बेल यांनी तिला शेवटचं उत्तर हाताच्या खुणेने दिलं.