रॉबर्ट बेकवेल : गिऱ्हाईकाचे ताट ओळखून मेंढी घडवणारा शेतकरी

मेंढीपालनाचा हिशेब करताना आपण बहुतेक वेळा कळपातील जनावरांची संख्या मोजतो. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका शेतकऱ्याने वेगळ्या दोन गोष्टी मोजायला सुरुवात केली : खाल्लेल्या चाऱ्यातून विकण्याजोगे मांस किती तयार होते आणि ते मांस विकत घेणारा माणूस कोण आहे. या शेतकऱ्याचे नाव रॉबर्ट बेकवेल. त्यांचे यश आणि त्यांच्या चुका, दोन्ही आजच्या पशुपालकाला उपयोगी आहेत.

कुळाने कसलेली शेती

बेकवेल यांचा जन्म १७२५ साली लेस्टरशायर परगण्यातील लफबरो गावाजवळ डिशली येथे झाला. सुमारे ४४० एकरांची ही शेती त्यांच्या मालकीची नव्हती, घराणे कूळ म्हणून ती कसत होते. तरुणपणी त्यांनी ठिकठिकाणी फिरून इतरांच्या शेतीच्या पद्धती पाहिल्या आणि १७५५ च्या सुमारास वडिलांकडून कारभार हाती घेतला. त्यांनी लग्न केले नाही. घरची व्यवस्था बहीण पाहत असे.

बदलता बाजार

त्या काळी इंग्लंडमध्ये मेंढी प्रामुख्याने लोकर आणि खत यांसाठी पाळली जाई. मांस हे शेवटचे उत्पन्न, म्हणजे म्हातारी झालेली मेंढी खाटकाकडे जाई. पण शहरे वाढत होती. खाणीत आणि कारखान्यात राबणाऱ्या मजुरांना स्वस्त आणि पोटभरीचे मांस हवे होते. त्यांना चरबीचे वावडे नव्हते. चरबीच्या तुकड्यासोबत बटाटे आणि भाजी शिजवली की मोठ्या कुटुंबाचे जेवण होई. शिवाय मेणबत्त्यांसाठीही चरबीला मागणी होती.

बेकवेल यांनी हे गिऱ्हाईक नेमके ओळखले. आपण श्रीमंतांच्या मेजवानीसाठी नव्हे, तर सामान्य माणसासाठी मटण तयार करतो, अशी त्यांची स्पष्ट भूमिका होती.

पैदाशीची पद्धत

जुन्या लेस्टर मेंढीची हाडे जाड, पाय लांब आणि वाढ सावकाश. हाडाला आणि आतड्याला भाव मिळत नाही, पण चारा तर त्यांनाही लागतो. म्हणून बेकवेल यांनी बारीक हाडाची, आखूड पायाची, पिंपासारख्या गोल अंगाची आणि लवकर भरणारी जनावरे निवडली. हे गुण पक्के व्हावेत म्हणून ते जवळच्या नात्यातील नर-मादी एकत्र आणत. त्या काळात ही गोष्ट अनेकांना धक्कादायक वाटे.

निवड डोळ्यांच्या अंदाजावर सोडलेली नव्हती. जुन्या जनावरांचे सांगाडे आणि खारवलेले मांसाचे तुकडे त्यांनी घरी जपून ठेवले होते. पुढच्या पिढीत हाड किती बारीक झाले आणि चरबीचा थर किती वाढला, याची तुलना त्यावरून होई. यातून तयार झालेली न्यू लेस्टर किंवा डिशली मेंढी सुमारे दोन वर्षांत विक्रीयोग्य होई. पूर्वी त्याला तीन-चार वर्षे लागत. वर्ष-दोन वर्षांचा चारा वाचला, हाच खरा नफा होता.

मेंढा विकायचा नाही, भाड्याने द्यायचा

बेकवेल यांचे दुसरे मोठे पाऊल म्हणजे पैदाशीचा मेंढा एका हंगामापुरता भाड्याने देणे. सुरुवातीला एका मेंढ्याचे भाडे एका गिनीपेक्षाही कमी मिळाले. (गिनी म्हणजे २१ शिलिंग.) १७८९ साली मात्र केवळ तीन मेंढ्यांच्या भाड्यापोटी त्यांना १२०० गिनी मिळाल्याची नोंद आहे.

या पद्धतीचा फायदा पैशांपुरता नव्हता. एकाच मेंढ्याची कोकरे वेगवेगळ्या कळपांत, वेगवेगळ्या चाऱ्यावर कशी वाढतात, हे त्यांना पाहायला मिळे. ज्याची संतती चांगली निघे, तो मेंढा ते स्वतःच्या कळपासाठी वापरत. आज ज्याला आपण संतती चाचणी म्हणतो, तिचे हे सुरुवातीचे रूप होते. पुढे मेंढे भाड्याने देणाऱ्यांची डिशली सोसायटी स्थापन झाली आणि तिने व्यवहाराचे कडक नियम केले.

चारा, पाणी आणि वागणूक

जास्त जनावरे पोसायची तर चारा हवा. बेकवेल यांनी पाट काढून कुरणांना पाणी दिले आणि वर्षातून अनेकदा गवत कापले. सलगमाचे कंद याच पाटात सोडले की ते पाण्याबरोबर गोठ्यापर्यंत येत आणि वाटेत धुऊनही निघत. गाडी आणि मजुरी दोन्ही वाचे. जनावरांना मारहाण करण्यास त्यांचा विरोध होता. त्यांचे मोठे वळूही पोरगेलेसे गडी साधी काठी घेऊन नेत, हे पाहून पाहुण्यांना नवल वाटे.

नाव झाले, हिशेब चुकला

डिशलीला देशोदेशीचे पाहुणे येऊ लागले. त्यांची सरबराई आणि नवनवे प्रयोग यांवर खर्च वाढत गेला आणि १७७६ साली बेकवेल यांचे दिवाळे निघाले. त्यातून ते सावरले. मेंढ्यांच्या भाड्याची मोठी कमाई त्यानंतरची आहे. १ ऑक्टोबर १७९५ रोजी डिशली येथेच त्यांचे निधन झाले.

गिऱ्हाईक बदलले

न्यू लेस्टर मेंढीत मांस आणि चरबी वाढली, पण जुळी कोकरे कमी झाली आणि आईचे दूधही घटले. त्यांच्या लाँगहॉर्न जनावरांचेही तसेच झाले. अंगावर चरबी आली, पण दूध कमी पडले. पुढे दूध आणि मांस दोन्ही देणाऱ्या शॉर्टहॉर्न जातीने त्यांना मागे टाकले. एकोणिसाव्या शतकात खाणाऱ्यांची आवडही बदलली. फार चरबीचे मटण नकोसे होऊ लागले आणि ससेक्स परगण्यातील जॉन एलमन यांनी सुधारलेल्या साऊथडाऊन मेंढीच्या चवदार मटणाला पसंती मिळाली. तरीही बेकवेल यांच्या मेंढीचे रक्त संकरासाठी वापरले गेलेच. बॉर्डर लेस्टर आणि फ्रान्समधील इल-द-फ्रान्स या जातींत ते आजही आहे.

पशुपालकांनी काय लक्षात घ्यावे?

- आपले मांस कोण घेतो, त्याला कोणत्या वयाचे आणि किती वजनाचे जनावर हवे आहे, हे आधी विचारा. त्यानुसार विक्रीची वेळ ठरवा.
- कोकराचे जन्मावेळचे, दूध तोडतानाचे आणि विक्रीवेळचे वजन नोंदवहीत लिहा. नर निवडताना त्याच्या देखणेपणापेक्षा त्याच्या कोकरांची वजनवाढ पाहा.
- नात्यातील पैदाशीने बेकवेल यांनी गुण पक्के केले, पण किंमतही मोजली. आपल्या छोट्या कळपात हा धोका अधिक असतो, म्हणून साधारण दोन वर्षांनी मेंढा बदला.
- एकाच गुणाच्या मागे लागू नका. जुळे देण्याची क्षमता, आईचे दूध आणि काटकपणा टिकला, तरच बाजाराची आवड बदलली तरी कळप तग धरेल.
- जमा दिसते म्हणून नफा झाला असे समजू नका. खर्चाची वही वेगळी ठेवा आणि दर महिन्याला ती तपासा.