मागेल त्याला काम : रोजगार हमीचे जनक वि. स. पागे

आज गावागावांत रोजगार हमीचं काम म्हटलं की विहीर, शेततळं, बांधबंदिस्ती, फळबाग डोळ्यांपुढं येते. पण ही योजना दिल्लीत जन्मली नाही. तिची सुरुवात आपल्या महाराष्ट्रात, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात झाली. तिच्यामागं माणूस होता विठ्ठल सखाराम पागे.

पागे यांचा जन्म १९१० चा. शिक्षण वकिलीचं, ओढा मात्र स्वातंत्र्याच्या चळवळीकडं. त्यासाठी त्यांनी तुरुंगवासही भोगला. संत साहित्याचा अभ्यास दांडगा. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसूनही कोरडवाहू गावातल्या मजुराचा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

प्रश्न साधा होता. सुगी संपली की चार-सहा महिने मजुराच्या हाताला काम नाही. दुष्काळ पडला तर सरकार कामं काढायचं, पण ती सरकारच्या मर्जीवर. पागे यांचं म्हणणं असं की धडधाकट माणसाला फुकट धान्य नको, काम द्या. आणि ते काम असं द्या की त्यातून गावाची जमीन, पाणी सुधारेल. १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात हा प्रयोग करून बघितला.

मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात, १९७२ साली, योजना राज्यभर लागू झाली. त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. खडी फोडायला, तलाव खोदायला लाखो माणसं दुष्काळी कामावर गेली. वाडवडिलांना ती सुकडी अजून आठवते. एवढ्या लोकांना काम देता येतं, हे त्या दुष्काळानं दाखवून दिलं.

पुढचा प्रश्न पैशाचा. १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातल्या मजुराच्या मजुरीला लागला. १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमी कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. बाईला आणि गड्याला कामाचा दर एकच. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. योजना सरकार कधीही बंद करू शकतं, कायद्याचा हक्क तसा सहज काढून घेता येत नाही. पागे यांच्या कामाचं खरं मोल इथं आहे.

१९९० साली पागे गेले. त्याच सुमारास रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि माळरानावर डाळिंब, बोर, आंबा उभा राहिला. २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला, त्यात महाराष्ट्राचाच अनुभव कामी आला.

आता एक गोष्ट आपल्या हातातली. बरेच मजूर तोंडी काम मागतात आणि वाट बघत बसतात. तोंडी मागणीची नोंद झाली नाही, तर १५ दिवस मोजायचे कुठून? म्हणून अर्ज लेखी द्या आणि तारीख घातलेली पोच मागून घ्या. पोच हातात नसली तर हक्क कागदावरच राहतो. पागे यांनी मजुराला मागायचा हक्क मिळवून दिला, पण मागायचं काम आपलंच आहे.