दार ठोठावणारी बेसी कोलमन

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात अटलांटा नावाचे एक लहान गाव आहे. तेथे २६ जानेवारी १८९२ रोजी एका गरीब शेतकरी कुटुंबात बेसी कोलमनचा जन्म झाला. तेरा भावंडांत ती दहावी. आई सुसान कृष्णवर्णीय होती, तर वडील जॉर्ज यांच्या अंगात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचेही रक्त होते. हे कुटुंब दुसऱ्याची जमीन वाट्याने कसून पोट भरीत असे. ज्या समाजाला आगगाडीत वेगळा डबा, शाळा वेगळी आणि पाण्याचा नळही वेगळा, त्या समाजात ही मुलगी वाढली.

बेसी दोन वर्षांची असताना कुटुंब वॉक्साहॅची या गावी राहावयास गेले. शाळा चार मैल दूर, एका खोलीची. कापसाची बोंडे फुटली की पाटी-पुस्तक बाजूला ठेवून सगळी मुले वेचणीला जात. तरीही बेसी गणितात पुढे होती. १९०१ मध्ये वडील घर सोडून ओक्लाहोमाकडे निघून गेले. आईने घरकामे करून मुलांना वाढवले, बाप्तिस्ट मंडळीत नेले आणि शिकण्याचा आग्रह धरला. बेसीने लोकांची धुणी धुऊन पैसे साठवले व १९१० मध्ये लँग्स्टन येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात नाव घातले. परंतु एका सत्रातच पैसे संपले आणि ती पुन्हा धुण्याच्या टबाशी परत आली.

पुढे ती शिकागोला भावांकडे गेली. तेथे केस कापण्याच्या दुकानात पुरुष गिऱ्हाइकांची नखे नीटनेटकी करून देण्याचे काम तिने धरले. तिचा भाऊ जॉन पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आला होता. फ्रान्सच्या बायका विमाने चालवतात आणि आपल्याकडच्या बायकांना ते कधी जमणार नाही, असे म्हणून तो तिला चिडवी. भावाची ती थट्टा बेसीच्या मनात मात्र कायमची रुजली.

तिने अमेरिकेतील विमानशाळांकडे अर्ज केले. एकीनेही तिला घेतले नाही. एक तर ती स्त्री, त्यात कृष्णवर्णीय. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. तिची परीक्षा घेऊन तिला नापास केले, असे झाले नाही. तिला परीक्षेलाच बसू दिले नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

शिकागोत रॉबर्ट अॅबट नावाचे कृष्णवर्णीय संपादक होते. ‘शिकागो डिफेंडर’ हे वृत्तपत्र ते चालवीत. त्यांनी तिला सल्ला दिला की येथे दार बंद असेल तर फ्रान्सला जा. बेसी फ्रेंच भाषेच्या वर्गाला जाऊ लागली. स्वतःची शिल्लक आणि हितचिंतकांचे साहाय्य यांवर २० नोव्हेंबर १९२० रोजी ती बोटीत बसली.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर ल क्रोत्वा येथे कोद्रों बंधूंची विमानशाळा होती. तेथे नियूपोर ८२ या दोन जोड्या पंखांच्या विमानावर तिचे शिक्षण झाले. लाकूड, तारा आणि कापड यांचे ते विमान. हातात एक दांडा आणि पायांखाली एक आडवी पट्टी, यांवर सगळा ताबा. ब्रेक नाहीत. प्रत्येक उड्डाणापूर्वी तार न् तार तपासावी लागे. एक सहाध्यायी तिच्या डोळ्यांदेखत अपघातात मरण पावला. ती हादरली, पण मागे फिरली नाही. दहा महिन्यांचा अभ्यासक्रम तिने सात महिन्यांत पुरा केला. परीक्षेत आठाच्या आकड्यासारखी वळणे घ्यावयाची, ठरलेल्या खुणेपासून ५० मीटरच्या आत उतरावयाचे आणि जमिनीला चाके लागण्यापूर्वी इंजिन बंद करावयाचे, अशा अटी होत्या. १५ जून १९२१ रोजी आंतरराष्ट्रीय विमान महासंघाचा परवाना तिला मिळाला. असा परवाना मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळी अमेरिकेत विमान चालवण्यास केंद्र सरकारच्या परवान्याची सक्तीच नव्हती. तो कायदा २० मे १९२६ रोजी झाला. म्हणजे जिला पात्र नाही म्हणून दारातून परत पाठवले, तिने अशी कसोटी पार केली होती की जी तिच्या देशातील अनेक उड्डाणपटूंनी दिलेलीही नव्हती.

मायदेशी परतल्यावर वर्तमानपत्रांतून तिचे कौतुक झाले, पण नोकरी कोठून मिळणार? हवाई कसरती दाखवून पोट भरणे एवढाच मार्ग उरला. त्यासाठी लागणारे कौशल्य शिकावयास ती १९२२ मध्ये पुन्हा युरोपला गेली व फ्रान्स, हॉलंड, जर्मनी येथे राहून आली. ३ सप्टेंबर १९२२ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मैदानावर तिने पहिले जाहीर उड्डाण केले. महायुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय पलटणीच्या सन्मानार्थ तो कार्यक्रम होता. फेब्रुवारी १९२३ मध्ये कॅलिफोर्नियात इंजिन बंद पडून तिचे विमान कोसळले. पाय मोडला, बरगड्या मोडल्या. बरी होताच ती पुन्हा उभी राहिली.

तिचे स्वप्न कसरतींचे नव्हते. आपल्या लोकांसाठी विमानशाळा काढावी, म्हणजे पुढच्या मुलामुलींना समुद्र ओलांडावा लागू नये, ही तिची तळमळ होती. त्यासाठी ती शाळांत आणि मंदिरांत व्याख्याने देत फिरली. ओर्लांडो येथे एका बाप्तिस्ट पाळकाने व त्यांच्या पत्नीने तिला पोटच्या मुलीसारखे घरात ठेवून घेतले. पैशांसाठी तिने तेथे केशभूषेचे दुकानही चालवले.

पैशांची एवढी निकड असूनही तिने स्वत्व विकले नाही. एका चित्रपटात तिला काम मिळाले होते. पहिल्याच प्रसंगात फाटक्या कपड्यांत, काठी व गाठोडे घेऊन यावयाचे आहे असे कळताच ती काम सोडून निघून आली. आपल्या लोकांचे तसले चित्र आपण रंगवणार नाही, हा तिचा निर्धार होता. वॉक्साहॅची या तिच्या गावी कार्यक्रम ठरला, तेव्हा गोऱ्यांना एक फाटक आणि काळ्यांना दुसरे, अशी व्यवस्था होती. फाटक एकच नसेल तर उडणार नाही, असे तिने सांगितले. आयोजकांनी ते मान्य केले. आत बसण्याच्या जागा वेगळ्याच राहिल्या, पण आत येण्याची वाट त्या दिवशी सर्वांना एकच होती.

१९२६ च्या एप्रिलमध्ये मोठ्या कष्टाने तिने एक जुने लष्करी विमान विकत घेतले. विल्यम विल्स नावाचा मेकॅनिक ते डॅलसहून जॅक्सनव्हिलला घेऊन आला. वाटेत तीन वेळा त्याला नाइलाजाने खाली उतरावे लागले, इतके इंजिन खराब होते. जवळच्या माणसांनी हे विमान नको म्हणून विनवले. ३० एप्रिलला सकाळी विल्स विमान चालवीत होता आणि बेसी मागे बसली होती. दुसऱ्या दिवशी पॅराशूटने उडी घ्यावयाची जागा वाकून पाहता यावी म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. विमानाने एकाएकी सूर मारला व ते उलटले. सुमारे २००० फुटांवरून ती खाली फेकली गेली. विल्सही वाचला नाही. एक सुटा पाना यंत्रात अडकल्याने ताबा गेला, असे पुढे दिसून आले. बेसी ३४ वर्षांची होती. तिच्या शिकागोतील अंत्यविधीला हजारो लोक लोटले.

विमानशाळा तिच्या हयातीत झाली नाही. पण १९२९ मध्ये विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजल्स येथे तिच्या नावाने विमानसंस्था काढली. १९४१ पासून टस्कीगी येथे कृष्णवर्णीय तरुण लष्करी वैमानिक होऊ लागले. तरीही प्रवासी विमानांची दारे बंदच होती. हवाई दलातला अनुभवी वैमानिक मार्लन ग्रीन याला १९५७ मध्ये एका कंपनीने नाकारले. तो न्यायालयात गेला. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि १९६५ मध्ये तो त्याच कंपनीत वैमानिक म्हणून रुजू झाला. १९९२ मध्ये मे जेमिसन ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री अंतराळात गेली, तेव्हा तिने बेसीचे छायाचित्र बरोबर नेले होते.

अलीकडे अमेरिकेत एक वाद पेटला आहे. वैमानिक घेताना स्त्रिया व कृष्णवर्णीय यांची संख्या वाढवावी, असे काही कंपन्यांनी ठरवले. तेव्हा यामुळे पात्रता ढासळेल व प्रवाशांचे जीव धोक्यात येतील, असा आक्षेप आला. पात्रतेची काळजी अयोग्य नाही. शेकडो जीव ज्याच्या हाती, त्याची परीक्षा कडकच हवी. परंतु परीक्षा सर्वांना एकच आहे. २०१३ पासून तेथे प्रवासी विमानाच्या सहवैमानिकालाही सामान्यतः १५०० तासांचा अनुभव लागतो आणि सरकारी परीक्षा द्यावी लागते. तेथे कोणी रंग पाहून गुण देत नाही. दार रुंद करणे वेगळे आणि कसोटी सोपी करणे वेगळे. बेसीने पहिले मागितले. दुसरे तिने कधी मागितले नाही, आणि तिला त्याची गरजही नव्हती.

शिवाय तिच्या मरणातून एक विचार मनात येतो. त्या काळी पुष्कळ गोरे उड्डाणपटूही जुनीच विमाने चालवीत, हे खरे. पण जिला कोणतीही संस्था जवळ करीत नाही, तिला चांगले यंत्र आणि चांगली कार्यशाळा कोठून मिळणार? धोका दार उघडल्याने आला नव्हता. बंद दारानेही तो वाढला होता.

संडे स्कूलच्या शिक्षकांनी ही कथा मुलांना जरूर सांगावी. आणि आपण मोठ्यांनी, आपल्या शाळेत, दवाखान्यात वा मंडळीत एखादी जागा भरावयाची वेळ येईल तेव्हा, दोन प्रश्न स्वतःला विचारावे. परीक्षेला बसण्यापूर्वीच आपण कोणाला बाहेर ठेवले आहे काय? आणि ओळखीच्या किंवा नात्यातल्या माणसासाठी कसोटी सैल केली आहे काय? दोन्हींची उत्तरे नाही अशी देता आली, तर वॉक्साहॅचीचे ते एकच फाटक आपल्या अंगणातही उभे राहिले असे समजावे.