तत्त्वनिष्ठ नाना शंकरशेट

कै. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (१८०३–१८६५) यांस पेढी वडिलार्जित लाभली. परंतु तिची पत त्यांनी सचोटीने राखली. अरब व अफगाण व्यापारीही आपले धन त्यांच्यापाशी निर्धास्तपणे ठेवीत. आपणांस लाभले त्यावर लोकांचाही हक्क आहे, हीच त्यांची धारणा. ग्रँट रोडची नाट्यशाळा त्यांच्याच जागेवर उभी राहिली. तेथे १८५३ साली भाव्यांची मराठी नाटके झाली. १८४९ साली मुलींच्या शाळेस त्यांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली. शिक्षणमंडळाचे अध्यक्ष पेरीसाहेब इंग्रजीचा आग्रह धरीत असता, स्वतः इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या नानांनी देशभाषांचा पक्ष निर्भयपणे मांडला. सरकारदरबारचा स्नेह तत्त्वाआड येऊ दिला नाही. बंधुभगिनींनो, नानांच्या तसबिरीस हार घालताना आपल्या दुकानातील तराजूकडेही एकवार पाहावे.