आधी ‘जैत’, मग मॅच!

पनवेलला रात्रीची गाडी पकडून तुम्ही कधी ना कधी गोव्याला गेला असालच. सकाळी मडगावला उतरून चहा घेताना शेजारचा विचारतो, ‘खंय वता?’ तुम्हाला अर्धं कळतं, अर्धं अंदाजाने. आणि मनात येतं, ‘मराठीच आहे की, फक्त हेल वेगळा!’

नेमकं हेच वाक्य खोडून काढण्यात एका माणसाने आयुष्य घालवलं. वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजेच शणै गोंयबाब.

त्यांचा जन्म २३ जून १८७७ रोजी गोव्यातल्या डिचोलीत झाला. तेव्हा गोव्यात राज्य पोर्तुगिजांचं. ऑफिसात पोर्तुगीज, पोथीत आणि पत्रात मराठी, आणि कोकणी? ती फक्त घरात बोलायची. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सरकारने तिच्यावर हुकूम काढून बंदी घातली होती. पण गोंयबाबांच्या काळात बंदीपेक्षा मोठी अडचण होती लाज. शिकलेल्या माणसाने कोकणीत लिहायचं म्हणजे हसूच!

तरुणपणी ते मुंबईला आले, नोकरीला लागले आणि नोकरी सांभाळून कोकणीत लिहायला बसले. मोलिएरची नाटकं कोकणीत आणली, मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, गीता कोकणीत केली, गोव्याबाहेर गेलेल्या गोंयकारांचा इतिहास लिहिला, व्याकरण मांडलं. जे जे ‘या भाषेत होणार नाही’ म्हणून सांगितलं जायचं, ते ते करून दाखवलं.

आणि व्याकरणात खरंच फरक आहे बरं का. आपलं ‘मी’, त्यांचं ‘हांव’. आपलं ‘आहे’, त्यांचं ‘आसा’. आपला ‘घोडा’, त्यांचा ‘घोडो’. सगळ्यात भारी गंमत पुढे आहे. ‘मी हे लिहिते’ म्हटलं की मी मुलगी आहे हे तुम्हाला लगेच कळतं. कोकणीत ‘हांव बरयतां’ म्हटलं असतं तर कळलंच नसतं, कारण तिथे हे रूप मुलगा-मुलगी दोघांनाही सारखंच.

फादर थॉमस स्टीफन्स यांना हा फरक आधीच दिसला होता. ‘क्रिस्तपुराण’ त्यांनी मराठीत लिहिलं, पण कोकणीचं व्याकरण वेगळं रचलं. ते १६४० मध्ये छापलं गेलं.

असा वाद फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. ‘ओ सोले मिओ’ हे जगप्रसिद्ध गाणं आपण इटालियन समजतो ना? ते नेपल्सच्या नापोलितानोत आहे. प्रमाण इटालियन उभी राहिली फ्लोरेन्सकडच्या बोलीवर. नेपल्सची बोली गाण्यात आणि नाटकात गाजली, पण शाळेत आणि सरकारी कागदात इटालियनच राहिली.

१९३० मध्ये गोंयबाबांचं ‘कोंकणी भाशेचें जैत’ आलं. जैत म्हणजे विजय. मॅच सुरू व्हायच्या आधीच निकाल जाहीर! मराठीच्या बाजूने टीकाही बरीच झाली. ९ एप्रिल १९४६ रोजी ते मुंबईत गेले, तेव्हा कोकणीला कुठलीच सरकारी मान्यता नव्हती. साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा मानलं १९७५ मध्ये, गोव्याची राजभाषा ती झाली १९८७ मध्ये आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली १९९२ मध्ये. यातलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. आज ९ एप्रिल हा जागतिक कोकणी दिवस म्हणून साजरा होतो.

आता जरा खारघरमध्ये या. ओवे, कोपरा, बेलपाडा ही गावं इथे टॉवर उभे राहायच्या आधीपासूनची. तिथली मुलं घरी आगरी बोलतात आणि कॉलेजच्या गेटवर भाषा बदलतात. प्रेझेंटेशनमध्ये चुकून ‘पानी’ म्हटलं की मागच्या बाकावर कोणीतरी हसतं. खरं सांगते, एकदा मीही हसले होते.

आगरी मराठीचीच बोली आहे, तिला वेगळी भाषा ठरवायची गरज नाही. पण लाज तीच आहे, जी गोंयबाबांनी डिचोलीत आणि मुंबईत पाहिली. त्यांनी नुसतं भांडण केलं नाही, पानं भरली. तुमच्या आजीच्या बोलीतली एक गोष्ट, तिच्याच शब्दांत, आज रात्री लिहून बघा. ‘पानी’चं ‘पाणी’ न करता.