कणांच्या दिशांचे गणित मांडणारे भाभा

अणुभट्ट्यांमुळे घराघरांत पोचलेले डॉ. होमी जहांगीर भाभा मुळात कणांच्या वाटा शोधणारे शास्त्रज्ञ होते. त्यांचे नंतरचे कार्य एवढे विस्तारले, की ही ओळख मागे पडली.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, ही वडिलांची इच्छा. केंब्रिजमध्ये १९३० साली अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन भाभांनी ती अर्धी पूर्ण केली आणि मगच ते भौतिकशास्त्राकडे वळले.

इलेक्ट्रॉनचा जुळा पण उलट विद्युतभाराचा पॉझिट्रॉन १९३२ मध्ये सापडला होता. हे दोघे एकमेकांवर आदळले, तर कोणत्या दिशेला किती कण फेकले जातील? कण नुसते बाजूला वळतील किंवा दोघे नष्ट होऊन नवी जोडी जन्मेल. या दोन्ही शक्यता भाभांनी एकाच हिशेबात गुंफल्या. त्यांचा निबंध १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. या प्रक्रियेला आज जगभर 'भाभा प्रकीर्णन' म्हणतात.

ते १९३९ मध्ये सुटीवर मायदेशी आले आणि महायुद्धामुळे येथेच राहिले. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये उभी राहिली. पुढे तेथे बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल, यशपाल ही मंडळी विश्वकिरणांनी छायाचित्रणाच्या लेपात उमटवलेल्या रेषा सूक्ष्मदर्शकाखाली तपासू लागली. विघटन पावलेल्या कणाची ओळख त्या रेषांच्या लांबीवरून आणि कोनांवरून पटवायची, असे ते चिकाटीचे काम. स्वतः भाभा मात्र १९४८ पासून अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. संस्था वाढत गेल्या, त्यांचे स्वतःचे संशोधन आटत गेले. देशाने मिळवले ते मोठेच, पण त्याची ही किंमत क्वचितच मोजली जाते.

जिनिव्हाकडे निघालेले त्यांचे विमान २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. त्याच जिनिव्हाजवळ १९८९ मध्ये सत्तावीस किलोमीटर परिघाच्या भुयारात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या टकरी सुरू झाल्या. झेड कणाच्या विघटनावरून हलक्या न्यूट्रिनोंचे तीनच प्रकार असल्याचे तेथे ठरले. एकूण टकरी किती होतात, हे ताडण्यासाठी शलाकेलगतच्या लहान कोनांत फेकले गेलेले कण मोजले जात आणि भाभांच्या सूत्राशी पडताळले जात.