शिंपल्यांना नावे देणारा प्रकाशक

वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या प्रत्येकाला ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हे नाव ठाऊक असते. १८५९ मध्ये फिलाडेल्फियातील ज्या प्रकाशक घराण्याने त्याची अमेरिकी आवृत्ती काढली, त्या घराण्यातले एक गृहस्थ होते आयझॅक ली. त्यांचा स्वतःचा जीव मात्र नदीच्या तळाशी असलेल्या शिंपल्यांत गुंतला होता.

ली यांचा जन्म १७९२ चा, विल्मिंग्टनमधल्या क्वेकर कुटुंबातला. १८२१ मध्ये प्रकाशक मॅथ्यू केरी यांच्या कन्येशी विवाह झाला आणि ते सासऱ्यांच्या व्यवसायात आले. काही वर्षांनी ओहायो नदीतले शिंपले त्यांच्या हाती लागले. १८२७ मध्ये त्यांनी या विषयावर पहिला निबंध वाचला आणि पुढची सुमारे पन्नास वर्षे हे लेखन चालूच राहिले. १८५१ मध्ये व्यवसाय सोडल्यावर तर पूर्ण वेळ त्यालाच दिला. जिवंत आणि अश्मीभूत मिळून १,८०० हून अधिक मृदुकाय प्राण्यांचे वर्णन त्यांनी केले. भारतातल्या गोड्या पाण्यात आढळणारा ‘लॅमेलिडेन्स कोरिआनस’ हा शिंपलाही त्यांतलाच.

त्यांची एक चूक झाली. एकाच जातीचे शिंपले प्रवाहानुसार आणि वयानुसार वेगळे दिसतात. अशा अनेक रूपांना त्यांनी स्वतंत्र जाती मानले. पुढे त्यांतली बरीच नावे रद्द झाली.

तरीही त्यांचा संग्रह आज मोलाचा ठरतो. शिंपला पाणी गाळून त्यातले सूक्ष्म कण आणि जिवाणू खातो, त्यामुळे नदी स्वच्छ राहते. त्याच्या पिल्लांना मात्र सुरुवातीचे काही दिवस माशाच्या कल्ल्यांना चिकटून काढावे लागतात. धरणाने मासे अडले की शिंपल्यांचा वंशही खुंटतो. अमेरिकेने २०२३ मध्ये शिंपल्यांच्या आठ प्रकारांची नावे, ते नामशेष झाल्यामुळे, संरक्षित यादीतून काढली. ली यांनी वर्णन केलेल्या काही जाती त्यांत आहेत. दुसरीकडे, १९९४ मध्ये संरक्षण मिळालेल्या ओहायो राज्यातल्या बिग डार्बी नदीत शिंपल्यांच्या कित्येक जाती अजून तग धरून आहेत.

जुना एक्स-रे हाती नसेल, तर नव्यात काय बिघडले ते सांगता येत नाही. ली १८८६ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी वारले. त्यांचा संग्रह वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. आजारी नद्यांचा तो जुना एक्स-रे आहे.